साइट बंद का करता, असं तुम्ही विचारलंत म्हणून

ऑफिसचे कॉम्प्युटर आणि नेट मी सांभाळतो, काही साइट बंदही मीच करतो. म्हणून लिफ्टमध्ये गाठून विचारतात, डब्याच्या वेळी विचारतात, ऑफिसच्या सत्यनारायणाला प्रसादाचा द्रोण हातात देतादेताही विचारतात: "साइट बंद करता म्हणजे आमच्यावर विश्वासच नाही ना?" आजवर "पॉलिसी आहे" म्हणून सुटायचो.

तुम्ही स्कोअर बघता याचं मला काही पडलेलं नाही. मस्जिद बंदरला कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस आहे आपलं. दोन बिल ऑफ एन्ट्रींच्या, म्हणजे आयात मालाच्या कस्टमच्या कागदांच्या, मध्ये माणूस स्कोअर बघणारच. मी बंद करतो ती फुकट सॉफ्टवेअरची पानं, चोरीचे सिनेमे, काल-परवा नोंदवलेली डोमेन्स. जिथे 'डाउनलोड' लिहिलेली चार बटणं असतात आणि खरं एकही नसतं. भल्या साइटवरच्या जाहिरातीतूनही घाण आत येते, म्हणून जाहिरातींचे सर्व्हरही बंद. यूट्यूब मात्र मी बंद केलेलं नाही. ते साहेबांनी केलं, आणि शिव्या माझ्या खात्यावर जमा झाल्या.

लॉग, म्हणजे कोण कुठल्या साइटवर गेलं त्याच्या नोंदी, बघतो का? बघतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इनचे, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, निर्देश आले; त्यानुसार १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. ठेवणं आणि बघणं वेगळं, हे मलाही कळतं. कोण नोकरी शोधतंय, कोण कुठल्या हॉस्पिटलच्या साइटवर रोज जातंय, हे मला न विचारता कळलेलं आहे. साइटचं नावच दिसतं, आतलं पान नाही. पण नावानेही पुष्कळ कळतं. कुणाला बोललो नाही. त्याबद्दल शाबासकी मागत नाही.

आता आपल्या ऑफिसातल्या ताईंचं. फाइली गेल्या त्या दिवसाबद्दल बहुतेकांना माझ्या रिपोर्टमधलं एवढंच माहीत आहे: कर्मचाऱ्याने नियम मोडून सॉफ्टवेअर उतरवलं.

ताईंना माथाडी मंडळाला पत्र पाठवायचं होतं. जुना मसुदा श्रीलिपीतला, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला. नव्या पीसीवर उघडला की नुसती चिन्हं. युनिकोडमध्ये बदलून देणारी एक साइट त्यांना सापडली होती. ती साइट अडवणाऱ्या आमच्या फिल्टरच्या कुठल्याच वर्गात बसत नव्हती, आणि वर्ग नाही म्हणजे बंद, हा नियम माझाच. त्यांनी फोन केला. मी म्हणालो, "मेल टाका ताई, मंजुरी लागते." मंजुरी देणारा मीच होतो.

मेल ११:२० ला आला. मी वर साहेबांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत होतो. खाली आल्यावर इनबॉक्समध्ये तो मेल दिसला, आणि जेवून बघू म्हणून मी तो तसाच ठेवला. एकच्या सुमारास ताईंनी फोनचा हॉटस्पॉट लावला. फिल्टर बसलाय ऑफिसच्या लाइनवर. मोबाइलच्या नेटवर तो काय करणार? तिथे त्यांना साइटऐवजी एक 'कन्व्हर्टर सेटअप' मिळाला. साध्या खात्यावर तो बसलाच नसता. पण त्यांच्या खात्याला अ‍ॅडमिनचे हक्क होते; डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर चालेना म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच दिलेले, आणि काढायचे विसरलेले.

चारला कोपऱ्यातला मुलगा म्हणाला, "सर, एक्सेल उघडत नाहीये." शेअर्ड फोल्डर उघडला, तर एकेका फाइलच्या नावाला नवं शेपूट लागत होतं, माझ्या डोळ्यांदेखत. त्या सेटअपमधला व्हायरस फाइलींना कुलूप लावत होता, किल्लीसाठी पैसे मागायला. धावत जाऊन सर्व्हरची केबल उपटली. बॅकअपची डिस्क सर्व्हरलाच लावलेली, म्हणून तीही गेली. कपाटातली दुसरी एकोणीस दिवसांपूर्वीची. खंडणी दिली नाही. चार रात्री सगळे बसून कागदांवरून पुन्हा एंट्री करत होते, ताईही.

सर्ट-इनला सहा तासांत कळवायचं असतं. ते केलं, आणि त्याच रात्री साहेबांसाठी रिपोर्ट लिहिला. हॉटस्पॉट लिहिला, सेटअप लिहिला. अ‍ॅडमिनचे हक्क 'जुन्या तांत्रिक कारणांमुळे' असे लिहिले. ११:२० चा मेल लिहिला नाही. ताईंची बदली रेकॉर्डरूमला झाली आणि तीन महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. सव्वीस वर्षांची.

नंतर एकदा मस्जिदच्या प्लॅटफॉर्मवर भेटल्या. म्हणाल्या, "अरे, ते पत्र शेवटी हातानेच लिहिलं बघ." मेलबद्दल काही बोलल्या नाहीत. माझी गाडी आली. खरं तर ती माझी नव्हती, तरी चढलो.

तेव्हाचा मी म्हणायचो, माणसं क्लिक करतात म्हणून हे होतं. मग २०१७ च्या जूनमध्ये काय झालं? नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला, मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा बसल्या, जेएनपीटीतलं (न्हावा शेवा बंदरातलं) त्यांचं टर्मिनल ठप्प झालं आणि आपले कंटेनर अडकले. तो शिरला होता युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. रीतसर अपडेट! तिथे कुणाचा विश्वास मोजायचा? तरी उद्या फिल्टर काढा म्हणालात तर काढणार नाही. रोज पन्नास ठिकाणी तो अडवतो आणि ते कुणाला दिसत नाही. पण त्याच फिल्टरने ताईंना हॉटस्पॉटकडे ढकललं, हेही मला खोडता येत नाही.

आता अ‍ॅडमिनचे हक्क कुणालाच नाहीत, मलाही रोजच्या खात्यावर नाहीत. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात जाते. कुठलीही साइट हवी असेल तर तासाभरात हो की नाही सांगायचं, हा नियम मी स्वतःला लावून घेतलाय.

परवा डॉक्युमेंटेशनमधल्या नव्या मुलाने पीडीएफ जोडायची साइट मागितली. मी म्हणालो, "मेल टाक." तो म्हणाला, "सर, तुम्ही समोरच तर बसलाय."