आमची वाटचाल : सुताचा हिशोब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांनी आणि त्यांचे भागीदार अण्णांनी साध्या पॉवरलूमवर टॉवेल सुरू केले, पुढे वेगवान रॅपिअर लूम आले, नक्षी विणणारं जॅकार्ड आलं, ती वर्षं बरी गेली. सांगायचंय ते मालाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जॉबवर्कचं, म्हणजे बाहेरून काम करून घेण्याचं, लफडं वाढलं. सूत डाइंगला (रंगवायला) गेलं की चलन बनवा, वर्षाच्या आत परत नाही आलं तर पाठवल्या दिवसापासून ती विक्रीच धरतात, वर त्या मालाचा आयटीसी-०४ फॉर्म भरा. तेव्हा एक सॉफ्टवेअरवाले आले, नाव घेत नाही, टेक्स्टाइलचं रेडी मोड्युल आहे म्हणाले. निघालं ट्रेडिंगचं पॅकेज! आपलं सूत किलोत, बीम (ताण्याचा रोल) मीटरमध्ये, टॉवेल कुणाला नगावर कुणाला किलोवर, आणि त्यांच्यात आयटमला युनिट एकच, डाइंगच्या लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा, नंबर टाकायला जागाच नाही. पहिल्याच आठवड्यात लेखी कळवलं, उत्तर काय, पुढच्या व्हर्जनमध्ये देऊ.

मग व्हायचं ते झालं. नेव्ही ब्लूचे दोन लॉट एकाच ऑर्डरमध्ये गेले, शेड फरकावर सगळा माल परत. स्क्रीनवर सूत दिसायचं, गोडाऊनमध्ये नसायचं, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट जुळेना, सीसी लिमिट, म्हणजे मालाच्या तारणावरची बँकेची उचल, अडकली. त्यात आमच्याच लाइनीतल्या एकाने गिऱ्हाइकांना फोन लावून सांगितलं की यांचे लूम बंद पडले. एक पण लूम बंद नव्हता. हे मी विसरणार नाही.

हैदराबादच्या एका शेठनी मात्र अॅडव्हान्स पाठवला, म्हणाले माल सवडीने द्या. आणि अण्णांची वही होती, प्रत्येक लॉट काट्यावर मोजलेला, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) काढायच्या कटरने तुकडा काढून वजन शेजारी लिहिलेलं. आम्ही त्या वहीतली एकच ऑर्डर काढली आणि येणाऱ्या प्रत्येक व्हेंडरला म्हटलं, सूत खरेदीपासून पॅकिंगपर्यंत हीच चालवून दाखवा. सॅप बिझनेस वन भक्कम आहे पण लायसन्स माणशी, आम्हाला परवडेना. शेवटी ईआरपीनेक्स्ट घेतलं, मुंबईच्या फ्रॅपेचं, ओपन सोर्स, लायसन्स फी नाही, बॅच आहे म्हणजे लॉट नंबर टाकता येतो, एकाच आयटमला जास्त युनिट चालतात. फुकट समजू नका, सर्व्हर, सेटिंग, ट्रेनिंग सगळ्याला पैसे लागतात. आणि किलोला ठरावीक नग असा सरळ भागाकार लावू नका, धुलाई-डाइंगनंतर वजन बदलतं, लॉट परत आला की काट्यावर चढवा आणि तोच आकडा टाका.

नवीन पोरांनो, डेमोला मालकाने एकट्याने बसू नका, जॉबर (लूम लावणारा, दुरुस्त करणारा) आणि गोडाऊनवाला शेजारी पाहिजे, खोट तेच काढतात. पैसे टप्प्याने द्या. आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येईल हे करारात लिहून घ्या, आमचा जुना डेटा त्या पहिल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी अजून दिलेला नाही.