मग तुम्ही बहिणी जाता कुठे?

मेघालयातल्या सोहऱ्याहून, म्हणजे चेरापुंजीहून, येऊन आज आठवा दिवस. बॅग तशीच उघडी पडलीय. शालीला चुलीच्या धुराचा वास आहे, म्हणून ती धुवायला टाकवत नाही.

जिच्या घरी राहिले त्या कोंगनं सहजच विचारलं होतं. (तिथे थोरल्या बहिणीला आणि आदरानं कुठल्याही बाईला कोंग म्हणतात, दोन दिवसांत माझ्याही तोंडी बसलं.) जेवणं झाली होती. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारी बसूनही मोठ्यानं बोलावं लागत होतं. तिनं सुपारीची फोड काढली, पानाला बोटानं चुना लावला आणि ते माझ्यापुढे धरत हिंदीत म्हणाली, "आईचं घर आता कोणाकडे?"

"दादाकडे."

"मग तुम्ही बहिणी जाता कुठे?"

मला उत्तर सुचलं नाही. पान हातातच राहिलं.

तिचं घर तिच्या आईचं. ती धाकटी म्हणून तिच्याकडे आलं. खासी लोकांत धाकट्या मुलीला खद्दुह म्हणतात. घर तिचं, म्हातारी माणसंही तिचीच. विकायचं म्हटलं तर मामांना, नातलगांना विचारावं लागतं. आणि कुणा भावाचं वा बहिणीचं कुठे बिनसलं, तर त्यांनी परत यायचं ते या घरी. तिचा भाऊ मात्र कोपऱ्यातून म्हणाला, आम्हा पुरुषांचं काय? तेही खरंच.

त्याआधी तुऱ्याला राहिले होते ते घर गारो कुटुंबाचं. तिथे धाकटीच हवी असं नाही, आईबाप ठरवतील ती मुलगी नोकना. जोवईला पनार कुटुंबाकडे राहिले, त्यांची बोली आणखी निराळी. एका मेघालयात तीन घरं, तीन तऱ्हा, पण मुलं सगळीकडे आईच्याच कुळाची.

मीही धाकटीच.

वडिलोपार्जित घरात मुलीचा मुलाइतकाच वाटा, हा कायदा २००५ पासून आहे. मला तो ठाऊक होता. तरी हक्कसोडपत्रावर सही केली, आणि कुणी जबरदस्तीही केली नव्हती. ताईनं केली, मग मी केली. ताईचं... जाऊ दे. त्या दिवशी वहिनीनं शिरा केला होता.

जाते कुठे मी? आठ दिवस हेच चाललंय. भांडी घासताना, बसमध्ये. पैसे मोजून तीन परक्या घरांत राहिले आणि तिन्हीकडे गाढ झोपले. वाईला दादाकडे गेलं की मात्र पहाटे चारला डोळे उघडतात.

निघताना कोंगनं दोन पानं बांधून दिली. आई गेली हे कळलं तेव्हा म्हणाली होती, "मग ती देवाच्या दारी क्वाय खात असेल." क्वाय म्हणजे ही पानसुपारीच. कुणी गेलं की तिथे असं म्हणतात. आईलाही जेवणानंतर सुपारी लागायचीच. पितळी अडकित्ता होता तिचा, एका बाजूला मोराची मान झिजलेली.

काल रात्री फोन केला. म्हटलं, आईचा अडकित्ता मला हवाय. दादा म्हणाला, "फळीवरच आहे, ये की."

मग वहिनीनं फोन घेतला. "किती दिवस राहणार? वरची खोली झाडून ठेवते."

पाहुणीसारखं विचारलं म्हणून आधी घशाशी आलं. पण कोंगनंही माझ्यासाठी खोली झाडूनच ठेवली होती.

"चार दिवस," म्हटलं.