हलक्या पत्र्यावर मोजून ठोका मारताना

ॲल्युमिनियमचा ३०० बाय २०० मिमीचा, १ मिमी जाडीचा पत्रा. वजन जेमतेम १६२ ग्रॅम. इम्पॅक्ट हॅमरने (ठोक्याचं बल मोजणाऱ्या हातोडीने) ठोके देऊन त्याच्या नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ठोका बसल्यावर तो आपोआप ज्या वारंवारतांना थरथरतो त्या, काढायच्या होत्या. १० ग्रॅमचा ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) लावला असता तर पत्र्याच्या वजनात सहा टक्क्यांहून जास्त भर पडली असती आणि वारंवारता खाली सरकल्या असत्या. म्हणून एक ग्रॅमच्या आतला घेतला, मेणाने चिकटवला आणि केबल सैल सोडली. पत्रा मऊ रबरी दोऱ्यांवर टांगला.

पत्र्याला हात लावण्याआधी हॅमरची खात्री करून घेतली, आणि माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत मोलाची. हॅमरमधला बल मोजणारा सेन्सर टिपच्या मागे बसतो. टिपचं वजन त्याच्या पुढे राहतं, त्यामुळे पत्र्यावर पडणाऱ्या बलापेक्षा सेन्सर थोडं कमी दाखवतो. हॅमर जितका छोटा, तितका हा फरक मोठा. तपासायची रीत सोपी आहे: ॲक्सेलरोमीटरसकट ५०० ग्रॅम भरेल असा लोखंडी ठोकळा दोऱ्यांनी टांगायचा, एका टोकाला तो लावायचा आणि दुसऱ्या टोकाला बरोबर मध्यावर ठोका द्यायचा. त्वरण भागिले बल हे गुणोत्तर दर न्यूटनला २ मीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवं. वारंवारतेनुसार काढलेली या गुणोत्तराची रेष सपाट आली, पण २ च्या जराशी वर. तेवढा गुणक दोन्ही सेन्सर मिळून एकदाच लावला. टिप बदलली की तो पुन्हा काढावा लागतो.

मग खरी कसोटी डबल हिटची. हलका पत्रा ठोका बसताच उसळून परत येतो आणि हॅमर मागे घेण्याआधीच त्याला पुन्हा भिडतो. दोन ठोक्यांत ५ मिलिसेकंदांचं अंतर असेल तर बलाच्या स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारतेला किती बल, या आलेखात) दर २०० हर्ट्झला खड्डा पडतो, आणि तिथे कोहेरन्स, म्हणजे बल आणि प्रतिसाद यांचा मेळ, ढासळतो. पत्रा जिथे सर्वांत जास्त हलतो तिथेच हे जास्त घडतं. म्हणून ॲक्सेलरोमीटर हलत्या कोपऱ्यात कायम ठेवला आणि ठोक्यांसाठी कमी हलणारे बिंदू निवडले. हॅमर दोन बोटांत सैल धरला, मनगटातून हलकेच सोडला. प्रत्येक ठोक्यानंतर बलाचा आलेख मोठा करून पाहायचो. दुसरा उंचवटा दिसला की ते मोजमाप रद्द.

त्या आलेखात कधीकधी मुख्य ठोक्यानंतर बल शून्याखाली गेलेलं दिसतं. हॅमर पत्र्याला ओढू शकत नाही, तेव्हा ही लहर अँटी-एलियासिंग फिल्टरची (मोजणीच्या आवाक्याबाहेरच्या उंच वारंवारता गाळणाऱ्या फिल्टरची). तिला डबल हिट समजून चांगलं मोजमाप फेकू नये. सॅम्पलिंगचा वेग (सेकंदाला किती नोंदी घ्यायच्या तो) वाढवला की ती आक्रसते.

शेवटी ठोक्याची आणि ॲक्सेलरोमीटरची जागा अदलाबदल करून पाहिली; मोजमाप बरोबर असेल तर त्वरण भागिले बल तेच यायला हवं. दोन्ही वेळचे आलेख जवळपास एकावर एक बसले. वरच्या वारंवारतांना शिखरं किंचित सरकली होती. सेन्सरबरोबर त्याचं वजनही नव्या जागी गेलं होतं, त्याचा हा परिणाम. अहवालात त्या शिखरांसमोर तशी नोंद केली.