नामावळीतली प्रश्नचिन्हं गेली, पण आता बेत बदललाय

माझ्या वंशावळीच्या फाइलमध्ये काही मराठी अक्षरांच्या जागी काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं दिसतात, असं मागे इथे विचारलं होतं. ती अखेर गेली! 'फॉन्ट बदलून बघा' म्हणणाऱ्यांचे आभार, पण भानगड फॉन्टची नव्हतीच. मंगल लावा, नोटो लावा, चौकट तिथेच ठाण मांडून.

बाकी पार्श्वभूमी थोडक्यात. वंशावळीच्या जुन्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल नव्या विंडोजवर उघडत नाही. (नाव लिहीत नाही, ज्यांनी पैसे मोजलेत ते ओळखतील.) हातात राहिली ती त्यातून काढून ठेवलेली जेडकॉम, म्हणजे वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची साध्या मजकुराची फाइल. ती ग्रॅम्प्स आणि रूट्समॅजिक या वंशावळीच्याच दोन सॉफ्टवेअरमध्ये, एकदा ग्रॅम्प्समध्ये आणि एकदा रूट्समॅजिकच्या फुकट आवृत्तीत ओतायची, आणि जे बरं वाटेल ते ठेवायचं, एवढाच बेत होता. माणसं आली, लग्नं आली, सिन्नर, निफाड, दिंडोरी जागच्या जागी. फुटले ते फक्त रामकुंडावरच्या वहीचे, म्हणजे तीर्थोपाध्यायांकडच्या आमच्या घराण्याच्या नामावळीचे, उतारे. तेही सगळे नाहीत, आणि एकाच उताऱ्यात चार ओळी नीट, पाचवीत मधलं एक अक्षर गायब. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये अगदी त्याच जागी. म्हणजे दोष वाचणाऱ्यांचा नव्हे, फाइलचा.

उताऱ्यांवाचून माझं अडतं. उपाध्ये गुरुजी वहीचा फोटो काढू देत नाहीत. ते वाचणार, आपण टिपून घ्यायचं. त्यातली जुनी पानं मोडीत. तेव्हा हा उतारा हाच माझा पुरावा.

शेवटी फाइलचे कच्चे बाइट दाखवणारा हेक्स एडिटर काढला. एचएक्सडी, फुकट आहे, छोटा आहे, ठेवाच. फुटक्या जागेवर गेलो आणि दिसलं ते असं: ओळीच्या शेवटी 'ई० ए४' हे दोन बाइट, पुढे नवी ओळ, '२ कॉन्क' (वरच्या ओळीचा मजकूर पुढे चालू, अशी जेडकॉमची खूण), आणि मग एकटाच पडलेला एक बाइट. यूटीएफ-८ म्हणजे युनिकोड अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिच्यात तीन बाइटचं. 'नाशिक' म्हणजे न, काना, श, वेलांटी, क. पाच चिन्हं, पंधरा बाइट. अक्षराचे पहिले दोन बाइट वरच्या ओळीत, तिसरा खालच्या!

जेडकॉम ५.५.१ मध्ये एका ओळीला २५५ ची मर्यादा आहे. त्याहून लांब मजकूर तोडून पुढचा भाग कॉन्कच्या ओळीत टाकायचा. पण नियम २५५ कॅरेक्टरचा, म्हणजे चिन्हांचा आहे, बाइटचा नाही. जुन्या सॉफ्टवेअरने बाइट मोजले. इंग्रजीत दोन्ही एकच, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही. मराठीत मात्र जेमतेम ऐंशी चिन्हांनंतर सुरी चालते, आणि ती कुठे पडेल याला धरबंध नाही. तीन बाइटच्या चिन्हांत आंधळेपणाने काप घातला तर साधारण तिनात एकदा तो नेमका दोन चिन्हांच्या मध्ये पडतो. म्हणून काही ओळी धडधाकट! मी त्या धडधाकट ओळींतच कारण शोधत बसलो होतो, जोडाक्षरं आहेत का, रफार आहे का वगैरे.

गोड बातमी ही की बाइट हरवले नव्हते, फक्त ताटातूट झाली होती. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत फाइल मजकूर म्हणून न उघडता बाइट म्हणून उघडायची, 'नवी ओळ, आकडा, कॉन्क, एक स्पेस' एवढा तुकडा जिथे दिसेल तिथे काढून टाकायचा, आणि मगच यूटीएफ-८ म्हणून वाचायची. दोन-तीन ओळींचं काम. क्रम उलटा केलात तर संपलं. आणि अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका. फुटक्या बाइटच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जाऊ शकतं आणि मग मूळ अक्षर कायमचं जातं. काम नेहमी प्रतीवर.

जोडल्यावर पहिला वर आलेला शब्द होता 'दत्तक'. खापरपणजोबांच्या नोंदीत नेमका त्यातला दुसरा त फुटला होता आणि मी तिथे काय काय कल्पना करून बसलो होतो! दिंडोरीच्या घरातून निफाडच्या घरात दत्तक. दोन गावच्या नोंदी एकाच माणसावर का येत होत्या ते आता कळलं. संध्याकाळी घरी सगळ्यांना सांगितलं. कुणाला फारसं काही वाटलं नाही.

इथेच तुलनेचा निकाल लागला म्हणा ना. दत्तक माणसाला ग्रॅम्प्समध्ये दोन्ही आईवडील लावता येतात, आणि आई-बाप प्रत्येकाशी नातं जन्माचं की दत्तकाचं ते वेगवेगळं लिहिता येतं. रूट्समॅजिकमध्येही जमतं, शिवाय दिसायला तेच देखणं. त्याचा डेटा एसक्यूलाइट या खुल्या, दुसऱ्या साधनांनीही उघडणाऱ्या डेटाबेसमध्ये असतो हाही मोठा गुण. पण ग्रॅम्प्सची एक्सएमएल, म्हणजे साध्या मजकुराची, फाइल उलगडून कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येते, आणि मागे कंपनी नाही. फॅमिली ट्री मेकर हे असंच वंशावळीचं सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं अॅन्सेस्ट्रीने २०१५ च्या डिसेंबरात जाहीर केलं तेव्हा लोकांची काय धांदल उडाली होती! पुढे मॅककीव्ह या दुसऱ्या कंपनीने ते घेतलं म्हणून निभावलं. ग्रॅम्प्सच्या खिडक्यांवर खिडक्या उघडतात, ते कंटाळवाणं आहे, सोसायचं.

शके मात्र दोन्हींपैकी कुणालाच येत नाहीत. ग्रॅम्प्सला हिब्रू, इस्लामी, फ्रेंच क्रांतीचं कॅलेंडरसुद्धा कळतं, आपलं नाही. माझा उपाय: तारखेच्या खिडकीत मजकुराची वेगळी जागा आहे, तिथे 'शके १८०९ माघ वद्य ३०' जसंच्या तसं, आणि तारखेत फेब्रुवारी १८८८. डोळे झाकून ७८ मिळवू नका. माघ-फाल्गुन पुढच्या इसवी सालात जातात, तिथे ७९.

हे लिहिता लिहिता एक सुचलं, आणि बेत बदलला. उतारे एकसलग परिच्छेदात ठेवायचेच कशाला? वहीत जिथे ओळ संपते तिथे एन्टर मारायचा. मग जेडकॉममध्ये ती ओळ कॉन्ट (नव्या ओळीची खूण) म्हणून जाते आणि ऐंशी चिन्हांच्या आत राहते. कॉन्कची वेळच येत नाही. पुढे गुरुजींकडे पडताळायला गेलो तर ओळीला ओळ लावून बघताही येईल. जेडकॉम ७.० मध्ये कॉन्क काढूनच टाकलाय म्हणा, पण सगळी सॉफ्टवेअर तिथे पोचेपर्यंत वाट कोण बघणार?

तेव्हा वेबट्रीज, म्हणजे वंशावळ वेबसाइटवर दाखवणारं सॉफ्टवेअर, बसवायचं काम मागे. आधी जुने उतारे ओळवार करणार, सिंहस्थाची गर्दी वाढायच्या आत पंचवटीत एक फेरी मारणार, आणि दत्तकाच्या नोंदीची मोडीतली मूळ ओळही सोबत टाकणार. मोडी युनिकोडमध्ये २०१४ सालीच आलीय, पण तिचं अक्षर चार बाइटचं. ग्रॅम्प्समधून जेडकॉमने बाहेर काढून परत आत घेतल्यावर मोडी टिकते का, हे कुणी करून पाहिलंय?