‘जर्क’ : हिसका, झटका आणि बरेच काही

इंग्रजीतील ‘जर्क’ हा शब्द नाम आणि क्रियापद अशा दोन्ही रूपांत चालतो. दोरी खसकन ओढली तर हिसका, गाडी अचानक सुटली तर झटका, आणि डोळा लागता लागता अंग दचकते तेव्हाही हाच शब्द. उद्धट माणसालाही ‘जर्क’ म्हणतात, पण तो वापर चारचौघांत टाळलेलाच बरा. मला मात्र त्याचा भौतिकशास्त्रातील काटेकोर अर्थ अधिक आवडतो : त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, ज्या दराने बदलतो तो दर. ब्रेक तसाच दाबून धरला, तर गाडी थांबण्याच्या नेमक्या क्षणी आपण मागे फेकले जातो, कारण तोवर टिकून असलेले मंदन (वेग कमी होण्याचा दर) एकाएकी शून्य होते. म्हणूनच सराईत चालक शेवटी पाय किंचित सैल करतो.