ज्ञानकोश यादीत होता, पण ज च्या खाली

सातारा जिल्ह्यातल्या एका ब वर्गाच्या वाचनालयाचं ॲप आमच्याकडे मेंटेनन्सला आलं, आधी दुसऱ्या एका एजन्सीने बनवलेलं. तक्रार एकच, "पुस्तकं सापडत नाहीत". ॲप क्रॅश होत नव्हतं, डेटाबेसमध्ये सगळी पुस्तकं होती, सर्च केलं की बरोब्बर मिळायची. फोनवर काही उलगडा होईना म्हणून मी सरळ एसटी पकडून तिकडेच गेलो.

ग्रंथपाल मॅडम सर्च वापरतच नव्हत्या! एक आजोबा आले, ज्ञानकोशाचा कुठलातरी खंड हवा होता त्यांना. मॅडमनी टॅबलेट उचलला, पुस्तकांची यादी उघडली आणि अंगठ्याने दोन-तीन सपाटे मारून थेट तळाला गेल्या. तिथे ह चं हेडर (गटाच्या वरचं अक्षराचं शीर्षक), आणि त्याच्याही खाली ॲ असं एक एकटं हेडर, त्यात ॲक्युप्रेशरची दोन पुस्तकं. बास. "बघा दादा, ज्ञ च नाहीये तुमच्याकडे." मग उठून कार्डांच्या कपाटाचा अगदी शेवटचा खण ओढला, त्यावर चिठ्ठी होती ह, ळ, क्ष, ज्ञ, आणि क्षणात कार्ड हातात.

ॲपचा कोड उघडला तर कारण लगेच दिसलं. नावं साध्या स्ट्रिंग सॉर्टने लावलेली, आणि नावाचं पहिलं कॅरेक्टर काढून त्यावर ग्रुप पाडलेले. इंग्रजीत हे चालून जातं. पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या मानकात, ज्ञ नावाचं एक अक्षर नाहीच, ज, हलन्त आणि ञ अशी तीन कॅरेक्टर आहेत, तसंच क्ष म्हणजे क, हलन्त, ष. त्यात हलन्ताचा नंबर सगळ्या मात्रांच्या नंतर येतो, त्यामुळे ज्ञानकोश गेला ज च्या सेक्शनमध्ये पार खाली, जौ नंतरच्या जोडाक्षरांत, आणि क्षयरोगावरचं पुस्तक क मध्ये कौ संपल्यावर क्र, क्ल, क्व च्या सोबतीला. मराठी माणूस तिकडे कशाला बघायला जाईल?

ॲ ची गंमत तर त्याहून मोठी. ज्याने डेटा एंट्री केली त्याने, किंवा त्यांनी, हे अक्षर तीन तऱ्हांनी टाइप केलं होतं. एक ॲ, ज्याचा नंबर ०९७२ म्हणजे अंकांच्याही पलीकडे, म्हणून तो ह च्या खाली लटकत होता. दुसरा साध्या अ वर वेगळा चंद्र लावून, तो अ च्या सेक्शनमध्ये, आणि स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखेच दिसतात. तिसरा ऍ, म्हणजे ए वर चंद्र, तो ए च्या जरा आधी वेगळं हेडर घेऊन बसलेला. एकाच विषयाची पुस्तकं तीन ठिकाणी! आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं असेल तर ते एकसारखं करायची सोय, लावूनही ही तिन्ही एक होत नाहीत, त्यासाठी आपलं आपणच टेबल लिहावं लागतं.

वाचनाच्या टेबलावरच लॅपटॉप मांडला. सॉर्टिंगला मराठी लोकॅलचा कोलेटर, म्हणजे मराठीच्या क्रमाने नावं लावणारा भाग, लावला, ॲन्ड्रॉइड ७ पासून आयसीयू ही तो पुरवणारी लायब्ररी सिस्टिममध्येच येते त्यामुळे वेगळी लायब्ररी नको, आणि ह नंतर ळ, क्ष, ज्ञ हा आपला क्रम त्याला माहीत आहे. हेडरचं अक्षर मात्र हाताने काढलं. मजकुराची अक्षरं सुटी करून देणारा तयार ब्रेक इटरेटर वापरून बघितला तर त्या ॲन्ड्रॉइड ८ च्या टॅबलेटवर हेडर आलं पाय मोडलेला क्, कारण जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये आला २०२३ च्या १५.१ आवृत्तीत. आणि नव्या फोनवर तो बरोबर चालला तरी मात्रेसकट क्षी देणार, म्हणजे क्ष, क्षी, क्षे सगळ्यांची वेगळी हेडरं. म्हणून सरळ नियम लिहिला, क्ष आणि ज्ञ ने सुरू होत असेल तर ते, तिन्ही ॲ चं एकच ॲ, बाकी पहिलं अक्षर. त्र आणि श्र चं काय म्हणून मॅडमना विचारलं, कारण हिंदी वर्णमालेत ते शेवटी वेगळे शिकवतात. "छे, त्र त मध्ये, श्र श मध्ये," त्यांनी खण उघडूनच दाखवलं.

हेडर रंगवायची पद्धतही बदलली. आयफोनच्या टेबलव्ह्यूत, म्हणजे यादी दाखवायच्या तयार भागात, सेक्शन आणि वर चिकटणारं हेडर पहिल्यापासून मिळतं, ॲन्ड्रॉइडचा यादी दाखवणारा रिसायकलरव्ह्यू २०१४ ला आला पण त्याला सेक्शन ही भानगडच ठाऊक नाही, म्हणून बरेच जण आयटम डेकोरेशनमधून हेडर नुसतं चित्रासारखं कॅनव्हासवर काढतात. दिसतं छान, पण स्क्रीन मोठ्याने वाचून दाखवणारं टॉकबॅक ते वाचू शकत नाही, आणि वाचनालयात नजर अधू झालेली माणसं येतातच की. म्हणून हेडर ही यादीतलीच एक खरी ओळ केली, तिला हेडिंग म्हणून मार्क केलं, आणि चिकटलेलं चित्र फक्त वरून.

मला यादीतलं हेडर ही सजावट कधीच वाटली नाही, पण त्या दिवशी ते फार जवळून बघायला मिळालं. माणूस हेडर वाचत वाचत खाली येत नाही, बाराखडी त्याच्या हातात असते आणि तो अंदाजाने उडी मारतो, हेडर बघतो ते फक्त उडी बरोबर पडली का यासाठी. ज्या भाषेची यादी, त्या भाषेचा क्रम नसेल तर कितीही स्मूथ स्क्रोल असू दे, उपयोग शून्य.

निघताना मॅडमनी आणखी एक काढलंच. स ची पुस्तकं इतकी की कितीही सरकवलं तरी वर स च चिकटलेला, कळतच नाही कुठवर आलो. कपाटात स, सा, सि, सी, सु अशा उंच चिठ्ठ्या होत्या. तशीच हेडरं पुढच्या अपडेटमध्ये दिली, पण फक्त गर्दीच्या अक्षरांना, नाहीतर ठ सारख्या सेक्शनमध्ये पुस्तकांपेक्षा हेडरंच जास्त झाली असती. आकड्याने सुरू होणारी नावं त्यांच्या सांगण्यावरून सगळ्यात वर ठेवली, इंग्रजी पुस्तकांना वेगळा टॅब दिला.