तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशातलं संशोधन आपल्या मुलांना लागू होतं का?

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो, बहुतेक वेळा कोणातरी बाबांकडून, की मॅडम मुलं वाढवण्याबद्दल तुम्ही सांगता ते सगळं अमेरिकेतलं, तिकडची मुलं वेगळी, आमच्याकडे धाक लागतोच, मग ते आमच्या घरात कशाला आणता? मी शाळांमध्ये समुपदेशक आहे आणि मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण तो अर्धा अगदी बरोबर आहे, हीच शंका संशोधकांनाही आलेली.

सुरुवात तिकडचीच. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलीला मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी पालकांचे प्रकार पाडले, नुसता हुकूम सोडणारे, सगळं चालवून घेणारे, आणि नियम ठेवून मुलाचं ऐकूनही घेणारे, यातले तिसरे सगळ्यात बरे ठरले. पण पाहणी झाली ती मुख्यतः तिथल्या मध्यमवर्गीय गोऱ्या घरांची. मग १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या हायस्कूलच्या ७८३६ मुलांचा अभ्यास आला, त्यात आशियाई घरं हुकमतीत पुढे आणि मुलं मार्कांतही पुढे, गणित काही जुळेना. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये मांडलं की चिनी आईच्या कडकपणात माया आणि मुलासाठी स्वतः राबणं धरलेलंच असतं, ती त्याला घडवत असते, तेव्हा गोऱ्या घरातल्या कडकपणाची फूटपट्टी तिला लावून चालणार नाही. इथपर्यंत बाबांचं बरोबर.

आता पुढचं ऐका. जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड इथल्या आई-मुलांच्या ३३६ जोड्यांचा अभ्यास छापला. जिथे मारणं सर्रास तिथे मार आणि मुलाचा आक्रमकपणा, चिंता यांचा संबंध कमी घट्ट निघाला. हे सांगितलं की सभेत लगेच माना डोलतात, पण तिथेच थांबू नका ना, त्याच अभ्यासात अशा ठिकाणीसुद्धा जास्त मार खाणारी मुलं जास्त आक्रमक आणि चिंतातुर होतीच. कमी लागतं, पण लागतंच.

आणि खरं सांगू, मला मारापेक्षा जास्त काळजी अबोल्याची वाटते. मार आता बऱ्याच घरांत कमी झालाय, मोठ्या मुलावर तर हात उचलतच नाहीत, पण अबोला चालू आहे आणि त्याला कोणी शिक्षा म्हणतच नाही. आईबाप मुलाच्या मनावर कसा ताबा ठेवतात हे बघायला ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये मुलांसाठी आठ वाक्यांची छोटी प्रश्नावली केली, त्यातली काही आपल्या भाषेत सांगते: मी मन दुखावलं तर पुन्हा खूश करेपर्यंत आई माझ्याशी बोलत नाही, मी निराशा केली की माझ्याकडे बघायचं टाळते, रागावताना जुन्या चुका उकरून काढते, मी काही सांगायला लागलो की विषय बदलते. नववीच्या मुलींना मी ही वाक्यं वाचून दाखवली तर एक जण म्हणाली, आमच्याकडे ताट वाढून ठेवतात पण बोलत नाहीत, मग ते ताट समोर असून जेववत नाही. यात अमेरिकेचं काय आहे सांगा.

बार्बर यांच्या गटाने पुढे भारत, बांगलादेश, बोस्निया, कोलंबिया अशा कितीतरी ठिकाणच्या किशोरांना विचारलं, ते २००५ मध्ये छापलं गेलं. मनावरचा असा ताबा जिथे जास्त तिथे उदासी आणि बेशिस्त वागणं जास्त, आणि मूल कुठे जातं, कोणाबरोबर असतं हे ठाऊक असणं, म्हणजे आपण ज्याला साधं लक्ष ठेवणं म्हणतो ते, कमी बेशिस्तीशी जोडलेलं. आता उदास, चिडचिड्या मुलाशी आईबापच जास्त तसं वागायला लागतात असंही होत असणार, संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं मी म्हणणार नाही. पण इतक्या वेगवेगळ्या घरांत तेच दिसतंय तर "आमच्याकडचं वेगळं" हे अबोल्याच्या बाबतीत टिकत नाही. धाक आणि अबोला एकाच टोपलीत टाकू नका एवढंच माझं म्हणणं. किती वाजता घरी यायचं ते ठरवा, रात्री मोबाईल हॉलमध्ये ठेवायला लावा, का ते सांगा, रागवा सुद्धा.

मग लगोलग येतं, मोबाईल चेक करू का? स्वीडनमध्ये स्टाटिन आणि केर यांनी चौदा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक बघितले, २००० मध्ये छापलं, त्यात असं निघालं की ज्या पालकांना मुलाबद्दल सगळ्यात जास्त माहिती होती ती पाळत ठेवून कमी आणि मुलाने आपणहून सांगितल्यामुळे जास्त होती. म्हणून मोबाईलचं विचारलं की मी आधी उलट विचारते, गेल्या आठवड्यात त्याने आपणहून काय काय सांगितलं, आणि तो सांगत असताना तुम्ही किती वेळा मध्ये बोललात?